सांदण दरी आणि ‘आशियात दुसरी’

अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची सांदण दरी ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी’ असल्याचे मेसेज दर हिवाळ्यात फिरतात. हे खरं नाही. सांदणच्या कातळभिंती काहीशे फूट उंच आहेत. नेपाळात धवलगिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) यांच्यामधून वाहणारी काली गंडकी या शिखरांच्या साडेपाच हजार मीटर खाली आहे. तुलनाच कशाला?

सांदणची गंमत अरुंदपणात आहे. काही ठिकाणी तर दोन्ही हात पसरले की भिंतींना टेकतात. पुढे कंबरभर गार पाणी, मग दोर लावून उतरायचा टप्पा.

‘पावसाळ्यात जा’ हा सल्लाही चुकीचा. ही पाण्याचीच वाट आहे. वर पाऊस झाला की लोंढा इथूनच कोकणात उतरतो.