‘नव्वद दिवसांत एचआयव्ही निगेटिव्ह’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मिरज, तासगाव, कवठेमहांकाळकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: एचआयव्हीची टेस्ट खोटी असते, माणूस रोगानं नाही तर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांनी मरतो, 90 दिवस काढा घेतला की रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि पॉझिटिव्ह माणसाशी लग्न म्हणजे मरण. मी सांगली जिल्ह्यात बरीच वर्षं समुपदेशक होते. परवा ओळखीच्या एका बाईंचा फोन आला, “ताई, मेसेज वाचून गोळ्या बंद केल्या.” म्हणून हे लिहितेय.

आधी टेस्ट. आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, एका टेस्टवर कुणालाही पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. पहिली रिअ‍ॅक्टिव्ह आली की वेगळ्या किटवर आणखी दोन होतात, तिन्ही जुळल्या तरच तसा रिपोर्ट मिळतो. फसगत होते ती उलट्या बाजूनं. लागण नुकतीच झाली असेल तर टेस्ट जे शोधते ती विषाणूविरुद्धची प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, अजून तयार झालेली नसतात आणि टेस्ट निगेटिव्ह येते. 3 महिन्यांनी परत या, असं आम्ही सांगायचो ते त्यासाठी.

गोळ्यांनी माणूस मरतो, हा दावा सगळ्यात घातक, कारण त्यात जुन्या अनुभवाचा अंश आहे. सरकारनं 2004 साली मोफत एआरटी सुरू केली तेव्हा स्टॅव्ह्युडीन नावाचं औषध दिलं जायचं. त्यानं गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे, तळपायांची आग व्हायची. चेहऱ्यावरून गाव ओळखायचं. झिडोव्ह्युडीन या दुसऱ्या औषधानं काहींचं रक्त कमी व्हायचं. हे सगळं खरं आहे, ते झाकायचं कारण नाही. पण स्टॅव्ह्युडीन कधीच बंद झालं. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यायची असते. तिचेही त्रास असू शकतात, म्हणून तर अधूनमधून रक्त तपासतात.

“गोळ्या सुरू केल्या आणि महिन्यात गेला” हेही गावोगाव ऐकू येतं. असे बरेच जण सेंटरला पोचतात तेव्हा सीडी-4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, पन्नासच्या आसपास इतका खाली आलेला असतो आणि अंगात टीबी दडलेला असतो. औषधानं प्रतिकारशक्ती परत आली की ती त्या टीबीवर तुटून पडते, ताप येतो, गाठी सुजतात. लोकांना वाटतं गोळीनं केलं. माणूस गेला तो उशिरा आल्यामुळं. दक्षिण आफ्रिकेत सरकारनंच या औषधांवर संशय घेऊन ती रोखून धरली, आणि 2000 ते 2005 या काळात त्यापायी तीन लाखांहून जास्त जीव गेले असा अंदाज 2008 साली संशोधकांनी मांडला.

आता काढा. नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीत सापडत नाही. असा रुग्ण काढा सुरू करतो, तोच रिपोर्ट दाखवून काढेवाला श्रेय घेतो. पण विषाणू पेशींमध्ये लपून बसलेला असतो. गोळी थांबली की सहसा काही आठवड्यांतच तो रक्तात परत दिसतो. आणि अँटिबॉडीची टेस्ट तर गोळ्या चालू असतानाही पॉझिटिव्हच येत राहते. ‘निगेटिव्ह’ हा शब्द इथं निव्वळ फसवणूक आहे.

लग्नाबद्दल थोडक्यात. 2011 साली जाहीर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पुण्यातली जोडपीही होती. औषध लवकर सुरू केल्यानं जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. व्हायरल लोड सापडत नाही इतका खाली टिकला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. अशा आयांची निगेटिव्ह बाळं मी मांडीवर घेतली आहेत.

फोन केलेल्या त्या बाई सोमवारी उरलेल्या गोळ्यांची बाटली घेऊन सांगलीच्या सिव्हिलमधल्या एआरटी सेंटरला जाणार आहेत. पाच आठवड्यांचा खंड लपवू नका, असं मी त्यांना सांगितलं. तो कळला तरच डॉक्टरांना पुढचं ठरवता येतं. तुमच्या घरातही कुणी थांबवल्या असतील, तर 1097 वर फोन लावा, तो मोफत आहे.