अर्जावरचे ‘वैयक्तिक कारण’

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांचे जे अर्ज माझ्यासमोर आले, त्यांतल्या बहुतेकांवर कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक कारण’ एवढेच लिहिलेले असे. हे दोन शब्द पूर्ण खरे क्वचितच असतात, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

‘अभ्यास झेपला नाही’ असे आपण सहज बोलून जातो. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्रात काही मुले मागे पडतात हे खरे, पण वेळेवर कुणी हात दिला तर त्यांतली बरीच सावरतात. मला अस्वस्थ करतात ती चांगले गुण असूनही निघून जाणारी मुले, आणि ती वर्गातून जात नाहीत, वॉर्डातून जातात.

युरोपीय संघाच्या नियमानुसार सर्वसाधारण परिचारिकेचे शिक्षण किमान ४६०० तासांचे असावे लागते आणि त्यातला किमान अर्धा वेळ प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणात जावा लागतो. म्हणजे निम्मे शिक्षण अशा जागी होते, जिथे शिकवणाऱ्या सिस्टरच्या अंगावर आधीच दोघींचे काम असते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र त्या धावपळीत विद्यार्थिनीला ‘ए, फर्स्ट इयर’ अशी हाक मारली जाते, दिवसभर ती सांगितलेली कामे उरकते आणि ड्युटी संपताना लॉगबुकवर एक सही मिळावी म्हणून अर्धा अर्धा तास ताटकळत उभी राहते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली असे मांडले की विद्यार्थी टिकणार की जाणार, हे तो संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात कितपत सामावला जातो यावर बरेचसे अवलंबून असते. आमच्या अभ्यासक्रमांत नेमके हेच पुन्हा पुन्हा मोडते. दर काही आठवड्यांनी वॉर्ड बदलतो, माणसे बदलतात, पाळी बदलते, आणि जरा कुठे ओळख झाली की पोस्टिंग संपलेले असते. त्यात पूर्णवेळ ड्युटी करून उरलेल्या वेळात कमावणे जवळजवळ अशक्य असल्याने, ज्यांच्यावर घराची जबाबदारी आहे ती मुले सर्वांत आधी गळतात.

दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने सांगितलेला प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका वृद्ध रुग्णाचा रक्तदाब ती तीन दिवस दर चार तासांनी घेत होती, त्यामुळे तो दंडाची बाही आपणहून वर सरकवून ठेवू लागला होता. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. तक्त्यावरची शेवटची नोंद तिच्याच अक्षरातली होती. देह हलवल्यावर तिला एवढेच सांगण्यात आले, “चादर बदल, पुढचा पेशंट खाली थांबलाय.” तिने चादर बदलली. त्यानंतर त्या मृत्यूविषयी तिच्याशी कुणी एक शब्दही बोलले नाही.

असे ओझे घेऊन ही मुले गप्प का राहतात? वैद्यकीय विद्यार्थ्यांविषयीच्या अनेक देशांतल्या संशोधनांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २७ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली होती आणि त्यांच्यापैकी जेमतेम १६ टक्क्यांनी उपचार घेतले होते. जे स्वतःला सांभाळू शकत नाहीत ते रुग्णाला काय सांभाळणार, असे कुणी म्हणेल ही भीती त्यांच्या मनात किती खोल असते, ते मी जवळून पाहिले आहे.

(काहींनी सोडणेच योग्य असते. केवळ घरच्यांच्या हट्टापायी आलेल्या मुलाला अडवून धरू नये.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०१८ मध्ये जगात ५९ लाख परिचारिका कमी होत्या. अशा आकड्यांवर सुचवला जाणारा नेहमीचा उपाय म्हणजे प्रवेशाच्या जागा वाढवणे. परंतु वॉर्डात शिकवणारी माणसे तेवढीच ठेवून जागा वाढवल्या, तर एका खाटेभोवती चारऐवजी आठ मुले उभी राहतात आणि रुग्णाला हात लावायला मिळतो तो दोघांनाच. त्याऐवजी प्रत्येक पोस्टिंगला विद्यार्थ्याला नावाने ओळखणारी एक अनुभवी व्यक्ती नेमावी आणि तिच्या कामाच्या तासांत शिकवण्याचा वेळ धरावा. पहिल्या मृत्यूनंतर त्याच दिवशी विद्यार्थ्याला शेजारी बसवून बोलावे. वर्षभर थांबून परत येण्याची वाट नियमांत असावी, आणि ती आहे हे मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगावे. शिवाय अर्जात कारणाच्या रकान्याआधी आणखी एक प्रश्न हवा: शेवटचे पोस्टिंग कुठे होते आणि तिथे काय घडले?

त्या विद्यार्थिनीचा अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे गेला. ‘वैयक्तिक कारण’ वाचून मी सही केली. चादरीची गोष्ट तिने मला सांगितली ती त्यानंतर, जाता जाता, दारात उभी राहून.