डीव्हीडी ऑथरिंग सॉफ्टवेअर वारंवार बंद पडते तेव्हा : एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

डीव्हीडी तयार करणारे सॉफ्टवेअर काम अर्ध्यावर असताना पुन्हा पुन्हा बंद पडू लागले, की एक ठरावीक सल्ला सर्वत्र मिळतो. तो थोडक्यात असा : दोष इन्स्टॉलेशनमध्ये आहे, म्हणून सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका; तेवढ्याने भागले नाही तर एखादा मोठा कोडेक पॅक (व्हिडिओ आणि आवाजाच्या फाइली उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा संच) टाका; सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा; रॅम वाढवा; शेवटच्या टक्क्यांवर बंद पडत असेल तर डिस्क किंवा रायटर (डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह) बदला; आणि सर्वात शेवटी विंडोज नव्याने टाका. प्लेअरमध्ये नीट चालणाऱ्या व्हिडिओ फाइलमध्ये दोष असूच शकत नाही, हे गृहीतक या साऱ्या सल्ल्याच्या तळाशी आहे.

यातील प्रत्येक उपाय कधी ना कधी कोणाला तरी लागू पडलेला असणार, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप असा, की सॉफ्टवेअर नेमके कोणत्या टप्प्यावर आणि कोणती फाइल हाताळताना बंद पडले, हा पहिला प्रश्नच हा सल्ला विचारत नाही. ऑथरिंग, म्हणजे व्हिडिओपासून डीव्हीडी तयार करणे, हे एक काम नसून चार कामांची साखळी आहे. आधी मूळ फाइल उलगडून वाचली जाते, मग ती एमपेग-२ या डीव्हीडीच्या संपीडित स्वरूपात बदलली (एन्कोड केली) जाते, त्यानंतर चित्र, आवाज, सबटायटल आणि मेनू एकत्र गुंफून ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डरमधील व्हीओबी (चित्र-आवाजाच्या) व आयएफओ (रचनेची माहिती ठेवणाऱ्या) फाइली तयार होतात, आणि मगच डिस्क बर्न होते. या चार ठिकाणच्या बिघाडांची कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे असतात. शिवाय या क्षेत्रातील बरीच सॉफ्टवेअर आता सुधारली जात नाहीत. ॲडोबीच्या एन्कोरची शेवटची आवृत्ती २०१२ च्या सीएस६ संचातली आहे, तर विंडोज डीव्हीडी मेकर विंडोज ७ नंतर आलाच नाही. अशा वेळी पुढच्या अपडेटची वाट पाहण्यात अर्थ नसतो आणि कारण आपल्यालाच शोधावे लागते.

पुन्हा इन्स्टॉल करण्याचा मुद्दा आधी घेऊ. प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइली खराब झाल्या असतील, तर या उपायाने काम होते. परंतु काल चालणारा प्रोग्राम आज एका विशिष्ट प्रोजेक्टवरच बंद पडत असेल, तर त्या फाइली बिघडल्याची शक्यता फार कमी असते. सॉफ्टवेअर काढले तरी वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधील सेटिंग, रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतील) नोंदी, विंडोजमध्ये इतर प्रोग्रामांनी नोंदवलेले फिल्टर (फाइल वाचण्याचे किंवा उलगडण्याचे काम करणारे घटक) आणि खुद्द प्रोजेक्ट फाइल बहुधा जिथल्या तिथे राहतात, त्यामुळे नव्याने टाकलेले सॉफ्टवेअर त्याच सामग्रीवर त्याच जागी बंद पडते. त्याऐवजी एक रिकामा प्रोजेक्ट उघडावा, त्यात एकच लहान आणि खात्रीची क्लिप घालावी, मेनू घालू नये आणि निकाल हार्ड डिस्कवरील फोल्डरमध्ये काढावा. हे निर्विघ्न झाले, तर इन्स्टॉलेशन निर्दोष असल्याचे जवळजवळ सिद्ध होते. मग मूळ प्रोजेक्टच्या प्रतीतून अर्ध्या क्लिप काढून पाहाव्यात, बिघाड ज्या अर्ध्यात राहील तो पुन्हा अर्धा करावा, आणि असे करत दोषी क्लिपपर्यंत पोहोचावे. सोळा क्लिपांच्या प्रोजेक्टमध्ये एकच क्लिप दोषी असेल, तर ती चार फेऱ्यांत सापडते.

कोडेक पॅकचा सल्ला मला या यादीतील सर्वात घातक वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. विंडोजवरील पुष्कळ जुने ऑथरिंग प्रोग्राम फाइल उघडण्यासाठी डायरेक्टशो या व्यवस्थेवर अवलंबून असतात. या व्यवस्थेत प्रत्येक फिल्टरला ‘मेरिट’ नावाचा अग्रक्रम दिलेला असतो, आणि फाइल उघडताना जुळणाऱ्या फिल्टरांपैकी ज्याचा अग्रक्रम वरचा त्याला आधी संधी मिळते. एखादा पॅक टाकला की डझनावारी फिल्टर एकदम नोंदवले जातात, आणि त्यांतील काही आपला अग्रक्रम मुद्दाम वर ठेवतात. परिणामी, ऑथरिंग प्रोग्रामच्या निर्मात्यांनी ज्या डीकोडरसह (संपीडित फाइल उलगडणाऱ्या फिल्टरसह) आपले काम तपासलेले असते, तो बाजूला पडून भलताच फिल्टर पुढे येतो. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की हा फिल्टर सहसा वेगळा प्रोग्राम म्हणून चालत नाही. तो ऑथरिंग प्रोग्रामच्याच प्रोसेसमध्ये, त्याच्याच मेमरीत चालतो. तो चुकला तर त्याच्यासोबत संपूर्ण प्रोग्राम कोसळतो, आणि नाव मात्र प्रोग्रामचे खराब होते. उलट, डीव्हीडीस्टायलरसारखी सॉफ्टवेअर एफएफएमपेग या स्वतःचेच डीकोडर असलेल्या साधनाच्या साहाय्याने फाइल वाचतात. त्यांना विंडोजमधील कोडेकांची गरजच नसते. म्हणजे पहिल्या प्रकारच्या सॉफ्टवेअरला कोडेक पॅक अपायकारक ठरू शकतो, तर दुसऱ्या प्रकारच्या सॉफ्टवेअरला तो निरुपयोगी असतो. ‘फाइल उघडत नाही’ आणि ‘फाइल उघडल्यावर प्रोग्राम बंद पडतो’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि कोडेक टाकणे हे फार तर पहिल्या तक्रारीचे उत्तर आहे.

दोष कोणाचा हे पाहण्याची सोय विंडोजमध्येच आहे, हे या सल्ल्यात क्वचितच सांगितले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘ॲप्लिकेशन’ हा विभाग पाहावा. प्रोग्राम कोसळला त्या वेळेची, १००० क्रमांकाची नोंद तिथे सापडते आणि तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एका फाइलचे नाव दिलेले असते. ते नाव एखाद्या स्प्लिटरचे (फाइलमधील चित्र आणि आवाज वेगळे करणाऱ्या फिल्टरचे) किंवा डीकोडरचे असेल तर तो पॅक काढून टाकावा, ग्राफिक्स ड्रायव्हरचे असेल तर ड्रायव्हर बदलून पाहावा किंवा सॉफ्टवेअरमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन (ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेण्याची सोय) बंद करावे. मात्र तिथे ‘एनटीडीएलएल’ किंवा ‘कर्नलबेस’ ही विंडोजची स्वतःची नावे दिसली, तर विंडोजला दोषी धरण्याची घाई करू नये, कारण ती पुष्कळदा केवळ बिघाड उघडकीस आल्याची जागा असते. मूळ चूक दुसऱ्याच कोणीतरी आधी केलेली असू शकते.

प्लेअरमध्ये चालणारी फाइल निर्दोष असते, हे गृहीतकही टिकत नाही. प्लेअरचे काम चित्र कसेबसे दाखवत राहणे हे असते. एखादी फ्रेम खराब असेल तर तो ती टाळून पुढे जातो आणि वेळेचा ताळमेळ चुकला तर तो जागच्या जागी सावरून घेतो. ऑथरिंगला मात्र ठरलेल्या मोजमापाची फाइल हवी असते : पाल या टीव्ही पद्धतीत ७२० × ५७६ पिक्सेल आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही पद्धतीत ७२० × ४८० पिक्सेल आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झचा. फोनवर किंवा स्क्रीन रेकॉर्डरने घेतलेल्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग अनेकदा कमीजास्त होत असतो, आणि स्थिर वेग गृहीत धरणारे जुने प्रोग्राम तिथे एक तर आवाज मागेपुढे करतात किंवा बंद पडतात. म्हणून कच्ची फाइल थेट प्रोजेक्टमध्ये न ओढता ती आधी एफएफएमपेगसारख्या स्वतंत्र साधनाने डीव्हीडीच्या मापात आणावी. पाल आणि एनटीएससी डीव्हीडीसाठीचे तयार पर्याय त्यात आहेत. त्यानंतर ऑथरिंग प्रोग्रामला केवळ रचना करण्याचे काम उरते. मूळ फाइलमध्ये खरोखरच बिघाड असेल, तर तो या पायरीवरच, मेनूवर कित्येक तास खर्च होण्याआधी, कळतो.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवण्याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. ज्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही तिथे प्रोग्राम लिहू पाहत असेल, तरच या उपायाचा लाभ होतो. तोटा असा, की अशा प्रोग्राममध्ये साध्या एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही आणि मॅप केलेले नेटवर्क ड्राइव्ह त्याला बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे जुन्या अडचणीत नव्या अडचणीची भर पडते.

रॅम वाढवण्याच्या सल्ल्यामागे एक ठळक गैरसमज आहे. ३२ बिटच्या प्रोग्रामला विंडोजवर सामान्यतः २ जीबी एवढीच मेमरी स्वतःसाठी वापरता येते. प्रोग्राम त्यासाठी खास तयार केलेला असेल तर ६४ बिटच्या विंडोजवर ती मर्यादा ४ जीबीपर्यंत जाते. संगणकात ८ ऐवजी ३२ जीबी रॅम बसवली, तरी ही मर्यादा तसूभरही हलत नाही. छायाचित्रांचा स्लाइडशो करताना प्रोग्राम का कोसळतो, हे यातून समजते. २४ मेगापिक्सेलचे एक छायाचित्र डिस्कवर काही एमबींचे दिसले, तरी उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट याप्रमाणे ते मेमरीत सुमारे ९६ एमबी जागा घेते, आणि अशी वीस छायाचित्रे प्रोग्रामने एकदम उघडी ठेवली तर २ जीबीची मर्यादा जवळजवळ गाठली जाते. डीव्हीडीच्या पडद्यावर यांतील ७२० × ५७६ पिक्सेलच दिसणार असतात. छायाचित्रे आणि मेनूच्या पार्श्वभूमी आधीच १५०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून घेतल्या, तर दर्जात फरक दिसत नाही आणि खर्च शून्य होतो. रॅमचा संबंध एका वेगळ्या तऱ्हेने मात्र येऊ शकतो. प्रोग्राम दर वेळी वेगळ्याच ठिकाणी बंद पडत असेल आणि इतर जड प्रोग्रामही तसेच वागत असतील, तर रॅमचे मॉड्यूल सदोष आहे का, किंवा दीर्घ एन्कोडिंगमध्ये प्रोसेसर अति तापतो का, हे तपासावे. विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक हे साधन त्यासाठी उपलब्ध आहे.

शेवटच्या टक्क्यांवर बंद पडण्याचा दोष डिस्ककडे किंवा रायटरकडे देणे बहुतेक वेळा चुकीचे असते, कारण पुष्कळ वेळा तोवर बर्निंग सुरूच झालेले नसते. त्या वेळी चित्र आणि आवाज गुंफले जात असतात किंवा आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधील प्रत) लिहिली जात असते. डीव्हीडीत चित्राचा कमाल वेग (बिटरेट) सेकंदाला ९.८ मेगाबिट आणि सर्व प्रवाहांचा मिळून १०.०८ मेगाबिट असतो. असंपीडित पीसीएम स्टिरिओ आवाज एकटाच १.५३६ मेगाबिट घेतो. त्याच्यासोबत चित्र ९.८ वर ठेवले तर बेरीज मर्यादेपलीकडे जाते, आणि काळजीपूर्वक लिहिलेला प्रोग्राम तिथे संदेश दाखवून थांबतो, तर दुसरा नुसताच कोसळतो. आवाज एसी-३ या संपीडित स्वरूपात घ्यावा आणि चित्राचा कमाल वेग ८ मेगाबिटच्या आसपास ठेवावा. दुसरे कारण जागेचे आहे. पूर्ण भरलेल्या एकपदरी डिस्कसाठी एन्कोड केलेल्या फाइली, व्हीओबी फाइली आणि आयएसओ असे तीन संच एकाच वेळी अस्तित्वात असू शकतात, म्हणजे ४.७ जीबीच्या डिस्कसाठी १५ जीबी मोकळी जागा लागते असे धरावे. तात्पुरता फोल्डर एफएटी-३२ या जुन्या फाइल पद्धतीच्या ड्राइव्हवर असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिथे मावतच नाही, मग ड्राइव्ह कितीही रिकामा असो. निकाल नेहमी आधी फोल्डरमध्ये काढावा, तो संगणकावर चालवून पाहावा आणि बर्निंग इमगबर्नसारख्या स्वतंत्र प्रोग्रामने करावे. तसे केल्यावर रायटर दोषी आहे की नाही याचे उत्तर वेगळे मिळते.

विंडोज नव्याने टाकण्याने फिल्टरांचा गोंधळ निश्चितच नाहीसा होतो, पण सदोष क्लिप, मर्यादेबाहेरचा बिटरेट आणि अवाढव्य छायाचित्रे तशीच राहतात. मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत आणखी एक कारण शिल्लक राहते, ज्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. युनिकोड न जाणणारे जुने प्रोग्राम फाइलींची नावे विंडोजच्या कोड पेजमधून (अक्षरांच्या मर्यादित तक्त्यातून) वाचतात, आणि देवनागरीसाठी अशा प्रोग्रामांना वापरता येईल असे स्वतंत्र कोड पेज विंडोजमध्ये नाही. परिणामी नावातील प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते, प्रश्नचिन्ह तर फाइलच्या नावात चालतच नाही, म्हणून प्रोग्रामला फाइल सापडत नाही आणि ही शक्यता निर्मात्यांनी हाताळली नसेल तर तो कोसळतो. विंडोज नव्याने टाकताना वापरकर्त्याचे नाव पुन्हा देवनागरीत दिले गेले, तर तात्पुरत्या फोल्डरच्या मार्गातच ते नाव येते आणि बिघाड पहिल्याच दिवशी परत येतो. खात्याचे दर्शनी नाव नंतर बदलल्याने तो फोल्डर बदलत नाही. अशा वेळी सी ड्राइव्हवर लॅटिन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, लहान नावाचा एक फोल्डर करावा, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तात्पुरत्या फाइलींसाठी तोच निवडावा आणि क्लिपांची नावेही तशीच साधी ठेवून प्रोजेक्ट पुन्हा चालवून पाहावा.