प्रभातफेरी पुरे, आता बॅरलात बघूया

पावसाळा आला की कोल्हापुरात शाळांच्या डेंग्यूच्या प्रभातफेऱ्या निघतात. पोरं घोषणा देत पेठेतनं जातात, आज्ज्या दारात येऊन कौतुकानं बघतात, फोटो ग्रुपवर पडतो. संपलं. डास काय घोषणा ऐकून गाव सोडत नाही.

पेठेत कुणालाही विचारा, डेंग्यू कशानं होतो? बोट गटारीकडं जातं. गटारीत वाढतो तो बहुतेक क्युलेक्स, म्हणजे वेगळ्या जातीचा डास. डेंग्यूचा एडिस डास आपल्या घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो: बॅरल, हौद, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर. अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतनं घासावं लागतं. हे पोस्टरवर वाचून पटत नाही. बॅटरी मारून बॅरलात वळवळणारी अळी स्वतः बघितली की पटतं.

आशाताई आणि महापालिकेचे कर्मचारी घरोघरी हेच तपासतात. त्यातला एक आकडा म्हणजे हाऊस इंडेक्स. तपासलेल्या दर शंभर घरांमागं किती घरांत अळ्या सापडल्या, एवढंच. 50 घरं बघितली आणि 6 घरांत अळ्या निघाल्या, तर इंडेक्स 12. सातवीच्या पोराला येणारी शेकडेवारी आहे ही! मग पुस्तकातली नफा-तोट्याची गणितं सोडवताना एखादं गणित आपल्या गल्लीचं का नको?

माझं म्हणणं साधं आहे. जून ते ऑक्टोबर, आठवड्यातनं एकदा विज्ञानाचा तास गल्लीत घ्या. सोबत शिक्षक आणि आशाताई. पोरांनी अळ्या पारदर्शक बाटलीत घ्याव्यात, वर जाळी बांधून शाळेत ठेवाव्यात आणि अळीचा कोष, कोषाचा डास कसा होतो ते नोंदवावं. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून तर आठवड्यातनं एक कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून घासायचा दिवस, पाळायचा असतो. त्यामागचं कारण वहीत आपोआप उतरतं. (प्रौढ डास वर्गात मोकळे सोडू नयेत, एवढी काळजी मास्तरांनी घ्यावी.)

एक पथ्य मात्र पाळायचं. पोरांना पोलीस करायचं नाही. कुणाच्या घरात अळ्या निघाल्या ते नाव वहीबाहेर जाता कामा नये. आणि पाणी एक दिवसाआड येत असेल तर लोक बॅरल भरून ठेवणारच, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. झाकण आणि कापड कसं बांधायचं ते दाखवा. कुठल्या गल्लीत साठवण जास्त, हा आकडा मुलांनीच नगरसेवकापुढं ठेवावा.

'आमच्या पोराला परक्याच्या हौदात वाकायला लावता काय?' असं पालक म्हणतील. रास्त आहे. सुरुवात आपल्याच घरापासनं करा, आणि हौदात बघायचं ते मोठ्या माणसानं.

राहिला प्रश्न आकडे लोकांपर्यंत न्यायचा. आपल्याकडं तालमीचा फलक आहे की! तिथं कुस्तीचा निकाल लागतो, वाढदिवस लागतो, तर शुक्रवारी गल्लीचा इंडेक्स लागायला काय हरकत आहे? शेजारच्या तालमीचा आकडा आपल्यापेक्षा कमी आलेला आमच्या पेठेतल्या गड्यांना सोसणार नाही. रविवारी बॅरलं घासायला तेच पुढं असतील, लिहून ठेवा.