खुलासा : मशीनने पॅक केलेली औषधं कुणी तपासत नाही, हे खरं नाही

‘बुटीबोरीच्या औषध कारखान्यांत आता मशीनच गोळ्या पॅक करते, माणूस बघतच नाही; रिकाम्या कप्प्याची स्ट्रिप म्हणजे बनावट औषध,’ असा मेसेज नागपुरातल्या ग्रुपवर फिरतोय. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

गोळ्यांची स्ट्रिप बनवणाऱ्या ब्लिस्टर मशीनमध्ये कप्पे भरले की वरून फॉइल बसण्याआधीच कॅमेरा ते पाहतो. गोळी नसेल, तुटलेली असेल, तर ती स्ट्रिप पुढे आपोआप बाजूला पडते. हा कॅमेरा नीट काम करतोय का, हे पाहायला कामगार मुद्दाम सदोष स्ट्रिप त्यातून सोडतात. बॅच बदलताना लाइनवर आधीचं एकही लेबल, एकही गोळी उरली नाही ना, हेही माणसंच तपासून सही करतात. हाताने पॅकिंग करताना खरी भीती असते ती एका औषधाचं माहितीपत्रक दुसऱ्याच्या खोक्यात जाण्याची. थकलेल्या माणसाकडून ते होऊ शकतं, आणि रुग्णासाठी ते रिकाम्या कप्प्यापेक्षा कितीतरी घातक. अशी अदलाबदल माहितीपत्रकावरचा बारकोड वाचणारं यंत्र पकडतं.

तरी रिकामा कप्पा निघालाच, तर तो पॅकिंगमधला दोष असू शकतो. स्ट्रिप फेकू नका. बिलासह दुकानदाराला दाखवा, बॅच नंबर टिपून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.