एका गोळीत दोन कामं

खोकला होतो एकाला आणि डॉक्टर होते अख्खी बिल्डिंग. रात्रभर मी खोकलो, तर सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच गाठलं, "झोप नाही झाली ना? आमचीही नाही."

त्याच दिवशी आत्या श्रीखंडाचा डबा घेऊन आली. त्यात श्रीखंड असण्याचे दिवस कधीच सरले. आता अर्ध्यात सोडलेल्या कोर्सची उरलीसुरली औषधं असतात. तिनं एक पाकीट उचकटून काढलं. "घे. जंतूही मारतं, कफही पातळ करतं!" मुंज आणि सत्यनारायण एकाच मांडवात उरकणारी बाई ती. तिला ही कॅप्सूल न आवडून कसं चालेल?

मी पाकिटावरची लाल रेघ दाखवली. म्हटलं, याचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. "ती डिझाइन असते," आत्या म्हणाली.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं पाकीट उलटसुलट केलं. "अमॉक्सिसिलिन आणि ब्रोमहेक्सिन? सरकारनं जून २०२३ मध्ये १४ संयोगी औषधांवर बंदी घातली, त्यात ही जोडी होती. एकत्र देण्याला वैद्यकीय आधार नाही म्हणून."

"गुण येत असणार, म्हणूनच बंद केलं," आत्या.

शेवटी दवाखाना. आत्या सोबत होतीच. डॉक्टरांनी छाती तपासली. "विषाणूची सर्दी आहे. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. खोकला तीनेक आठवडे रेंगाळू शकतो. पेनिसिलिनची ॲलर्जी? अल्सर?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "छे! लहानपणी एका गोळीनं अंगभर पुरळ उठलं होतं, पण ते उष्णतेनं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कुठली गोळी?"

"लाल-पिवळी."

फाइलवर त्यांनी मोठ्या अक्षरांत 'पेनिसिलिन ॲलर्जी?' लिहिलं. अमॉक्सिसिलिन त्याच कुळातलं. पुढे कुणीही अँटिबायोटिक लिहून दिलं तर हे आधी सांगायचं, म्हणाले. आणि औषधानंतर ओठ सुजले, धाप लागली, तर उष्णता-बिष्णता न म्हणता थेट हॉस्पिटल गाठायचं. अल्सरचं विचारलं ते ब्रोमहेक्सिनसारख्या कफ पातळ करणाऱ्या औषधांसाठी. पोटात व्रण असेल तर तीही जपूनच द्यावी लागतात.

आत्याचा चेहरा उतरलेला पाहून ते जरा विरघळले. "ब्रोमहेक्सिन मुळात अडुळशातल्या एका घटकावरून तयार झालं, बरं का."

"म्हणजे मी आयुर्वेदिकच देत होते!"

डॉक्टर त्या दिवशी फी घ्यायला विसरले.