‘अडॅप्टरने कॉफीमेकर जाळला’ – दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टार वाचला. मुलीने न्यू जर्सीहून आणलेला कॉफीमेकर आमच्या साडेतीनशेच्या अडॅप्टरवर लावला, मिनिटभरात धूर निघाला, अडॅप्टरही काळा पडला. त्याच अडॅप्टरवर तिचा लॅपटॉप चार दिवस नीट चालला होता, म्हणजे माल डुप्लिकेट, असं तुमचं म्हणणं.

माल डुप्लिकेट नाही. अडॅप्टर फक्त पिना बदलून देतो. तिकडच्या चपट्या, आपल्याकडच्या गोल. व्होल्टेज तो कमी करत नाही. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरात ‘१००–२४०’ छापलेलं असतं, त्याला दोन्हीकडची वीज चालते. कॉफीमेकर उलटा करून बघा, तळाला नुसतं १२० असेल. तापणाऱ्या वस्तूला दुप्पट व्होल्टेज दिलं की उष्णता दुप्पट नाही, जवळपास चौपट होते. ९०० वॅटचा कॉफीमेकर धरला तरी त्या मिनिटात तो तीन हजारांच्या वर ओढत होता, म्हणजे चौदा अँपिअर. अडॅप्टर सहाचा. काळा पडणारच.

(इथला मिक्सर तिकडे नेणाऱ्यांचं उलट होतं. तो जळत नाही, नुसता कण्हत फिरतो आणि खोबरं तसंच राहतं.)

आता आमची चूक. काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘अमेरिकेचा प्लग यात बसेल ना?’ तो म्हणाला, ‘बसेल.’ खोटं नव्हतं, पण ‘लावणार काय आहात?’ हे त्याने विचारायला हवं होतं. अडॅप्टरचे पैसे परत घेऊन जा, बिल नसलं तरी चालेल. कॉफीमेकरची भरपाई मात्र मला जमणार नाही.

तो टाकू नका आणि परत लावूनही बघू नका, दुकानात घेऊन या. उघडून बघायचे पैसे घेणार नाही. नुसता थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा छोटा भाग) गेला असेल तर थोडक्यात निभावेल. तापणारी कॉइलच गेली असेल तर तसं सांगेन. दुरुस्त झाला तरी इथे चालवायला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे २३० व्होल्टचे १२० करून देणारा डबा, लागेल. तो मी विकतो, पण खरं सांगू? भलता जड, आणि ओट्यावर जागा अडवून बसेल. त्यापेक्षा कॉफीमेकर मुलीबरोबर परत पाठवा.

गुरुवारी दुकान बंद असतं.